कमरेएवढे वाफे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. "आत्या, बाबा गेले," भाचा म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या कणकेच्या सगळ्या पोळ्या शेकून डब्यात भरल्या. मग अमरावतीच्या बसमध्ये बसले. रडू आलं नाही. महिना उलटला, अजून आलेलं नाही... लोक म्हणतात, धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! आत सगळं बधिर झालंय, एवढंच.

माझा हा थोरला भाऊ भारी हेकट. अकोटजवळच्या आमच्या वावरात वाढलेला, नोकरीपायी अमरावतीला राजापेठेत घर बांधून राहिला. मुलानं हौसेनं अंगणात लॉन लावून दिलं, ते दादाला कधी पटलंच नाही. ज्याला ना शेंग ना फूल, त्याला पाणी कशाला घालायचं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पुढे वहिनीचे गुडघे गेले. जन्मभर परसात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावणाऱ्या बाईला खाली बसता येईना, तेव्हापासून ती अंगणात यायचीच बंद झाली. एक दिवस दादानं तिला दारात उभं करून कमरेपर्यंतचं माप घेतलं. दुकानांतून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, लॉनवर अंथरून भिजवले, म्हणजे खालचं गवत मरावं, आणि त्यावर विटांचे उंच वाफे बांधायला काढले. हा बिनबुडाचा हौद कशाला, म्हणून शेजारी चिडवायचे.

मातीच्या बाबतीत मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. वाळू मिसळ, शेणखत मिसळ, असं मी जीव तोडून सांगितलं. ह्याला आपल्या वावरातली काळी मातीच हवी, तीही निव्वळ. ट्रॅक्टरनं आणून काठोकाठ भरली. पावसाळ्यात ती अशी फुगली, की दोन वाफ्यांच्या भिंतीच फुटल्या. मी हसून हसून बेजार, आणि हा ढिम्म.

"बेबे, मातीत दम हाये म्हणून फुटल्या," म्हणाला.

पण भिंती पुन्हा बांधल्यावर गुपचूप वाळू आणि शेणखत मिसळलंच. त्या हिवाळ्यात वहिनी उभ्यानं मेथी खुडायची आणि हा उगाच तिच्या मागेमागे फिरायचा. इतक्या सुखात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी मागे थांबले ते वहिनीसाठी. ती आतल्या खोलीतून हलेना. दोन घास खाऊन उठायची, डोळ्यांत टिपूस नाही. वाफे सुकून चालले, तरी अंगणात पाऊल टाकेना. हीसुद्धा हातची जाते की काय, अशी मला धास्ती बसली. शेवटी एका सकाळी हात धरून तिला बाहेर नेलं. ती वाफ्याशी उभी राहिली, माती चाचपली. मग काठावरून तळहात फिरवत राहिली. तिच्या हाताला खरचटू नये म्हणून दादानं तो काठ सिमेंटनं घोटून घोटून गुळगुळीत केला होता.

"बेबीबाई," ती म्हणाली, "यायनं मले खाली बसाची गरजच ठेवली नाई. आता खाली बसून रडावं वाटते, तं गुडघे वाकत नाई."

मग ती उभ्यानंच रडली, पुष्कळ वेळ. मी तिच्या बाजूला काठावर हात टेकून थांबले. काठ मला जरा उंच पडत होता.