आतेभावाचा होल

शहापूर तालुक्यात माझ्या आतेभावाइतका भित्रा माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो याला बघून धीट होईल. हा खर्डीला घरी बसून कॉम्प्युटरवर रेणू आखतो, पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाच्या नव्या सोलर पॅनेलसाठी. त्या पदार्थाला दमट हवा सोसत नाही हे कळलं, तेव्हापासून ओलाव्याची धास्ती यानेच घेतली आहे. याचे रेणू पडद्याबाहेर कधी आलेले नाहीत, तरी कीबोर्डखाली तांदळाची पुरचुंडी असते. चहा घेऊन खोलीत शिरलो की म्हणतो, "वाफ बाहेर ठेव." लाइट जाईल, गणित अर्धवट राहील म्हणून इन्व्हर्टर जपायला पंखा बंद करतो, घामाने निथळतो आणि मग घामालाही घाबरतो.

आत्याची भीती मात्र खरी होती. गेल्या श्रावणात तिने मला अंगणात ओढून नेलं. त्याला फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं: होल मध्येच अडकतोय, असाच राहिला तर सगळं संपलं. होल म्हटलं की आमच्याकडे हार्टचाच, आणि काका, म्हणजे आत्याचे यजमान, हार्टनेच गेले होते. चार दिवस ती त्याला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हती. आईला अखेर ओलाव्याचं गांभीर्य पटलं, असं समजून तो खूश होता.

"तू विचार त्याला," ती म्हणाली. "माझ्यानं नाय ऐकवणार."

मीही घाबरलो होतो. दुपारी जेवताना कसंबसं विचारलं. तो हसायला लागला आणि आईचा चेहरा बघून थांबला.

"माझ्या छातीत नाय गो आई. होल म्हंजे रिकामी जागा. उन्हानं एक कण उठून गेला की त्याची जागा रिकामी पडते. शेजारचा तिथं सरकतो, मंग त्याची रिकामी. पंगतीत कसं, तसं. कोणी सरकलाच नाय तर अडकतं. माझं गणित अडकलंय, मी नाय."

आत्या भिंतीजवळच्या काकांच्या पाटाकडे बघत राहिली. ते गेल्यापासून त्यावर बसायचा धीर कोणाला झाला नव्हता. आतेभावाने ताट उचललं आणि तो त्या पाटावर सरकून बसला. आत्याने वाफाळता भात वाढला, आणि वाफेबद्दल तो काही बोलला नाही.

आता माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आत्या हळूच म्हणाली, "तू पण सरक रे."

मी सरकलो.