तेरावी नळी

"वरचं वर ठेवजो, खालचं खाली." बोअरच्या गाडीवर नव्यानं आलेल्या प्रत्येकाला भैय्याजी चाफले हेच सांगत. हिंगणीच्या पंचक्रोशीत त्यांनी तीस वर्षं बोअर मारल्या. दर दहा फुटांच्या मातीचा वेगळा ढीग. पहिला गाडीजवळ, मग जसजसं खोल तसतसा दूर. काळी माती, मुरूम, खडक. त्या रांगेवरून ते जमिनीचं पोट वाचत.

या हातासाठीच तीन वर्षांपूर्वी त्यांना अंटार्क्टिकाच्या मोहिमेत नेलं. गोठलेल्या तळ्यांना भोक पाडायचं आणि तळाचा गाळ नळ्यांत भरून वर काढायचा. तो वाचणार होत्या मयुरी मॅडम, मोहिमेतल्या संशोधक. काळा, शेवाळी थर म्हणजे त्या काळी ऊब होती, तळं उघडं होतं. करडी वाळू म्हणजे थंडी, वर बर्फाचं झाकण. हजारो वर्षांचं हवामान हातभर नळीत निजलेलं.

तिथली रीत मात्र उलटी. नळीचं वरचं टोक यंत्रापासून दूर ठेवायचं, मग सोबतचा माणूस दूरच्या टोकाकडे 'वर'चा बाण काढी. बारा नळ्या नीट गेल्या. तेरावी एका लहान तळ्याची, त्या तळ्याची ती एकच. तेव्हा वारा सुटला, बोटं बधिर झाली आणि तीस वर्षांच्या सवयीनं वरचं टोक यंत्राजवळ ठेवलं. बाण उलटा पडला. तंबूत हातमोजे काढताना भैय्याजींच्या ध्यानात आलं, तोवर पेटी बंद झाली होती. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

सांगणं राहून गेलं. गावात सत्कार झाला, शाळेत भाषण झालं. "खालची माती जुनी, वरची नवी," असं पोरांना सांगून ते घाईनं खाली बसले.

मग आठ दिवसांपूर्वी धरणाकडे गेले असताना मॅडमचा फोन आला. "भैय्याजी, तुमच्या तेराव्या नळीनं कमाल केली! शेजारची तळी उघडी होत असताना हे एकटं गोठत गेलं. महिनाअखेर छापायला देतेय. आणि पुढच्या मोहिमेत तुम्ही हवेच!"

त्या दिवसापासून भैय्याजी घराबाहेर पडले नाहीत. दोन्ही टोकांना बूच मारलेल्या नळीत गाळ असावा, तसे बाजेवर पडून. फोन का लागत नाही, असं कुणी विचारलं की, "घरात रेंज नाई."

शेवटी अनुसयाबाई, त्यांची बायको, समोर बसली. "अजी, काय झालं तं सांगा ना. भाकर बी गोड लागून नाई राह्यली तुमाले."

त्यांनी सगळं सांगितलं: नळी उलटी वाचली गेली, तळं गोठत गेलं नव्हतं, तेही उघडंच होत होतं.

"मंग मॅडमले सांगून टाका."

"अन् मले पुन्हा कोण नेईन? गाव हासन."

"बोअर कोरडी गेली तं शेतकऱ्याले तोंडावर सांगता. तवा नाई भेत. आता काऊन भेता?"

"तवा जमीन कोरडी रायते. इथं माहा हात चुकला."

अनुसयाबाई उठली. तिनं खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. "मंग हाताचंच सांगा. रेंज धरणाच्या भिंतीवर भेटते."

भैय्याजींनी टोपी घातली, फोन खिशात टाकला आणि बोर धरणाचा रस्ता धरला. वळणावर एकदा थांबले. खिसा चाचपला. मग पुन्हा चालू लागले. कपाशीच्या पळाटीमागं टोपी दिसेनाशी होईस्तोवर अनुसयाबाई दारात उभी होती.