साडेपंचवीस इंच

माप देताना बायका फार बोलतात. हात वर केले आणि मी टेप फिरवला, की कुणाला सासू आठवते, कुणाला नवरा, कुणाला लग्नाआधीचं काहीतरी. यवतमाळातल्या कितीतरी घरांचं बरंवाईट माझ्या पोटात आहे आणि ते तिथंच राहतं, म्हणून तर गिऱ्हाईक टिकून आहे. पण माझं स्वतःचं जे आहे ना — ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. शेजारच्या मंगलाकाकूला नाही, जिला मी दुखऱ्या दाढेपासून सगळं सांगते. देवालाही नाही. त्याला ठाऊक असेल तर असू दे, आपण होऊन मी कशाला विषय काढू? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून वाटतं, तुम्हाला सांगता येईल. बघू जमतं का.

मला एक भाऊ आहे, गजू. माझ्याहून बराच लहान. बाबा आधीच गेले होते. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. मग घरात आम्ही दोघंच. "नंदानं भावासाठी लग्न केलं नाही," असं लोक म्हणतात. म्हणोत. खरं सांगू? स्थळं आली, त्यातली काही मला पसंत पडली नाहीत आणि बाकीच्यांना मी. भावाचं नाव पुढं केलं की सगळ्यांचीच अब्रू राहायची. लोकांनी त्याला त्याग म्हटलं — त्याग! — आणि मीही तो शब्द हळदीकुंकवासारखा लावून घेतला. बघा, सांगायचं एक आणि निघाले दुसरीकडेच.

गजू म्हणजे आमच्या घरातला आवाज. ताटावर चमचा वाजव, दारावर बोटं वाजव, आंघोळीला गेला की बादली वाजव. मी ओरडायची, "अबे, घर हाये का बँडपथक?" नवरात्रात आमच्या यवतमाळात देवींचे मंडप बघायला माणूस लोटतो. सगळे देवी बघत, गजू ऑर्केस्ट्रावाल्याच्या गिटारकडे बघत उभा. बरं, गाण्याकडेही लक्ष नाही. ती जोडली कशी, तार कुठं अडकवली, वायर कुठून निघाली — याचंच त्याला वेड.

अशाच एका कार्यक्रमात त्याला नागपूरचा एक दुरुस्तीवाला भेटला. गिटारी खोलतो, बसवतो, नव्या बनवतोही. गजू त्याच्या मागंच लागला, मले शिकवा म्हणून. तो माणूस म्हणाला, आधी आपल्या हातानं एक बनवून आण. सुरात वाजली तर ठेवून घेतो, राहायचीही सोय करतो.

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीचा कारखाना झाला.

आरा मशीनवरून त्यानं सागवानाचा एक उरलेला तुकडा आणला. कुरियरनं सामान येऊ लागलं — तारा, तारा पिळायच्या खुंट्या, वायरी, बटणं, आणि पिकअप नावाची चुंबकाची एक पट्टी, जी तारांखाली बसते. "हा गिटारचा कान हाये, ताई," तो मला समजावून सांगायचा. "तार हलली की हा ऐकते, आन् मंग स्पीकरले सांगते." माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण कापून त्यानं गिटारच्या अंगावर बसवायची पट्टी केली आणि मला पत्ताच नाही, चार दिवस मी डबा उघडा कसा म्हणून स्वतःलाच बोलत होते. सागाचा भुसा उडून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांवर बसायचा. एका वकिलीणबाईंचं जरीचं ब्लाउज मी तीनदा झटकलं. मी चिडायची, तो हसायचा, आणि पुन्हा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसायचा. ते दिवस मला परत हवे आहेत. इतके हवे आहेत की अजूनही सागाचा वास आला की मशीनवरचा माझा पाय थांबतो.

गिटारची मान त्यानं स्वतः तासली. मानेवर आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. बोट कुठल्या पट्टीमागे दाबलं त्यावर सूर ठरतो. त्यांच्या खाचा कुठं पाडायच्या याचा नकाशा त्यानं नेटवरून काढला, झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला, लाकडावर चिकटवला आणि बारीक करवतीनं एकेक खाच पाडली. जीभ दातांत धरून. लहानपणी बाराखडी काढायचा तशी.

मग एकच मोठं माप उरलं. मानेच्या वरच्या टोकापासून तारा जिथं खाली टेकतात त्या ब्रिजपर्यंत — साडेपंचवीस इंच. त्याच्या खाचा त्या मापाला धरून होत्या. ते एक चुकलं की सगळं चुकलं.

सुताराकडून त्यानं लोखंडी टेप मागून आणला होता. पण त्याच्या टोकाची पत्ती हलत होती, म्हणून तो बिघडलेला आहे असं ठरवून त्यानं परत केला. पुढं केव्हातरी कळलं, ती पत्ती हलायलाच हवी असते. तेव्हा आम्हा दोघांनाही कुठं माहीत होतं?

"ताई, तुया टेपनं मोजू," तो म्हणाला. "त्याच्यात फरक नसते."

आता माझ्या टेपचं सांगते. त्याचा पहिला इंच वापरून वापरून फाटला होता. तो मी कापून टाकला आणि टोकाची पितळी टोपी पुन्हा दाबून बसवली. आम्ही शिवणारे असं करतो. आकडा छत्तीस दिसला की मी पस्तीस लिहिते; डोकं आपोआप एक वजा करतं. नवा टेप का घेतला नाही? हाताला बसलेली वस्तू मी सहसा सोडत नाही, एवढंच. दिसायला टेप चांगला साबूत, टोपीबिपीसकट. गजूला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मोजताना त्यानं टोपी वरच्या टोकाला धरली आणि मला म्हणाला, "साडेपंचवीसवर खूण कर." तेव्हा तो बोलतही होता. वाजली ना, ताई, तर दिवाळी झाली की मी नागपूरले जातो. तिथं राहायचं कसं, यायचं केव्हा, सगळं ठरवून झालं होतं त्याचं. मी म्हटलं, "जा ना, कोन धरून ठेवून राह्यलं तुले?" आणि माझ्या खडूनं साडेपंचवीसच्या आकड्यावर रेघ मारली. खरे साडेपंचवीस हवे तर खूण साडेसव्वीसवर हवी होती. एक मिळवायचा राहिला.

मुद्दाम केलं का? नाही. मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारलं आहे, उलटतपासणी केली आहे, आणि उत्तर नाही असंच येतं. डोक्यात नागपूर होतं, हात आपला चालला. ती चूक होती. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं आहे.

तारा चढल्या. मंडळातल्या पोरांकडून त्यानं जुना अॅम्प्लिफायर आणला, वायर खोचली, आणि एक तार नुसती छेडली. काय सांगू तुम्हाला! खोलीभर आवाज. खुंटीला लटकलेले हँगर थरथरले. गजूनं मला उचलून घेतलं, मला, या वजनाच्या बाईला. मग त्यानं पट्टीमागे बोट दाबलं आणि पुन्हा तार छेडली — आणि त्याचं तोंड उतरलं. मोकळी तार सुरात. बोट दाबलं की बेसूर, आणि जसजसं खाली यावं तसतसं जास्तच. मला सुरातलं काही कळत नाही, पण ते मलाही कळलं.

त्यानं तारा बदलल्या. खुंट्या पिळून पाहिल्या. मग संध्याकाळी, मी काजं करत बसले होते, तो म्हणाला, "ताई, टेप दे बरं एकडाव." टोपी वर टेकवली, टेप ताणला, खाली वाकून पाहिलं. "साडेपंचवीस. बरोबर हाये." आणि त्याच क्षणी मला त्या पितळी टोपीला लागून असलेला दोनाचा आकडा दिसला. तिथं एक असायला हवा होता.

कळलं मला. लख्ख कळलं. चार स्क्रू काढायचे, ब्रिज एक इंच मागे घ्यायचा, बस. "गजू, टेप एक इंचानं तोकडा हाये" — एवढं वाक्य. जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला बोलू. आणि मग मला पुढचं सगळं दिसलं. बॅग, एसटी, आणि संध्याकाळी दुकान बंद करून मी एकटी घरात शिरते आहे. कुलूप मीच उघडते आहे.

मी काय म्हणाले, सांगू?

मी म्हणाले, "मंग तुयीच करवत कुठीतरी चुकली असंन."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही हो. विश्वासानं. मग मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, तोंडातून गेलं. पण त्यानं सगळ्या पट्ट्या पक्कडीनं उपटल्या. लाकडाचे टवके निघाले. खाचांत भुसा आणि गोंद भरला, घासून सपाट केलं, दुसऱ्या दुकानातून नवा नकाशा छापून आणला आणि पुन्हा एकेक खाच पाडली. कितीतरी दिवस चाललं होतं ते. मी त्याला चहा नेऊन देत होते. जखम झाली तर बोटाला चिंधी बांधून देत होते. आणि मला ठाऊक होतं की हे सगळं वाया जाणार आहे. असं करणारी बाई कोण असते? मी ती बाई आहे.

दुसऱ्यांदाही बेसूरच वाजली. त्यानं वायर काढली, गुंडाळली, अॅम्प्लिफायर परत देऊन आला आणि म्हणाला, "माया हाताले मापच नाई, ताई."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि आतून — हे सांगताना माझी मलाच किळस येते — आतून मी सुटले होते. जेवण गोड लागलं त्या दिवशी.

दिवाळी झाली, नागपूर झालं नाही. गजू कृषी केंद्रात कामाला लागला. बियाणं, फवारणीची औषधं, काउंटरवर दिवसभर उभा. मालक त्याच्यावर खूश आहे. संध्याकाळी घरी येतो, माझ्या गोळ्या आठवणीनं आणतो, रविवारी पाणी भरतो. भाऊ असावा तर असा, बायका म्हणतात. पण घरात काही वाजत नाही. चमचा ताटात हळूच ठेवतो. पंखा बिघडला तर दुसऱ्याला बोलावतो. म्हणतो, मी हात लावला तर बिघडंन. त्याचे शर्ट मीच शिवते, आणि खांद्याचं माप घेताना तो उभा असतो तो असा, की जणू कुणी रागावणार आहे. नव्या टेपनं घेते आता. तो जुना, गजूनं गिटार सोडली त्याच आठवड्यात फेकला. त्याचं टोक कुणाला दिसायला नको म्हणून.

सांगायच्या संधी नव्हत्या असं नाही. रोज होती. आधी वाटलं, आता सांगितलं तर निघून जाईल. नंतर वाटलं, आता सांगितलं तर माझं तोंड बघणार नाही. आणि आता वाटतं — नको, ही कारणंच नकोत. भित्री आहे मी. बाकी सगळी शिवण आहे, वरून घातलेली.

परवा मंगलाकाकू आली. तिला माठाखाली ठेवायला जाड फळी हवी होती. "गजू, ते माळ्यावरचं लाकूड पडूनच हाये नं रे? सागवान हाये म्हंते, पान्यानं सडनार नाई." मी दारात उभी होते. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो माळ्यावर चढला, गिटार खाली आणली, तारा सोडल्या, मान वेगळी केली. मग अंगणात बसला आणि तिच्या गोलाईच्या कडा कापू लागला. मोजलं नाही, खूण केली नाही. करवत सरळ गेली, दोऱ्यासारखी सरळ. भुसा उडत होता, दुपारच्या उन्हात.

"काय हात हाये रे पोराचा!" काकू म्हणाली.

"कायचा हात, काकू," तो म्हणाला. "जमते आपलं फळी कापाले."

तेव्हा तरी बोलायचं होतं मी. लाकूड अजून त्याच्या हातात होतं. मी म्हणाले, "काकू, चहा ठेवू का?"

काकू फळी घेऊन गेली. मी भुसा झाडून काढला. गजूनं हातपाय धुतले आणि विचारलं, जेवाले काय हाये? वांग्याची भाजी होती, भाकर होती. मी वाढलं. तो मान खाली घालून, आवाज न करता, नीट जेवत होता, माझ्या समोर, हातभर अंतरावर. आणि मला त्याची फार आठवण येत होती.