पाठीवरची थाप

मंडळी, झाडांवर चढून फांद्या उतरवायचं माझं काम तुम्हाला माहीतच आहे. आज हडपसरच्या एका आयटी कंपनीत रेन ट्रीची वाळकी फांदी काढायला गेलो, तर देखरेखीला इस्त्रीचा शर्ट घालून कोण उभा? दत्ता!

दत्ता म्हणजे मांजरी गावचा, झाडावरचा माझा जुना जोडीदार. आमचा नियम होता, कमरेचा पट्टा आपला आपण तपासून चढायचं नाही. त्याने माझी बकलं ओढून, दोराची गाठ बघून पाठीवर थाप द्यायची, मी त्याच्या. मग त्याचा गुडघा गेला आणि त्याने ही नोकरी धरली.

आताची पोरंही सगळं नीट तपासतात, तक्रार नाही. पण थाप कोणी देत नाही, आणि ती काय मागून घ्यायची?

आज पट्टा बांधला आणि सवयीने दत्ताकडे पाठ केली.

"आरं, मी आता हापिसातला माणूस हाय," तो म्हणाला. तरी हेल्मेट चढवून जवळ आला. बकलं ओढली. गाठीवर त्याचा हात जरा जास्तच वेळ राहिला. मग थाप पडली.

मी दोराला हात घातला, तर हा माझ्याकडे पाठ करून उभा! अंगावर ना पट्टा, ना दोर.

मीही थाप दिली. पांढऱ्या शर्टावर माझा मळका पंजा उमटला.

वरून बघितलं, तर दत्ता तसाच उभा, मान वर करून. खरं सांगा, तुमच्यातलं कोण कोण आपलं जुनं काम सुटून असं खाली राहिलंय?