वालाच्या वेलावरची लेकुरवाळी

आंबिवलीला माझ्या सासरची जमीन टॉवरखाली गेली, उरली ती घरामागची वालाची पट्टी. नवऱ्याने आईला बजावून ठेवलेलं, "यंदा शेंगा धड आल्या नाहीत ना, तर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करतो." सासूबाईंचा जीव त्या पट्टीत. थंडीत पोपटीच्या मडक्यात विकतच्या शेंगा भाजायच्या, म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याची अब्रूच गेली.

म्हणून सकाळी चहाच्या आधी त्या वेलावरच्या केसाळ अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. दयामाया नाही. फक्त एखादी अळी पांढऱ्या, तांदळाच्या कण्यांसारख्या पुंजक्यावर बसलेली असली, की तिला सोडायच्या. मी, डोंबिवलीच्या फ्लॅटमधून आलेली शहाणी सून, तिला उचलायला गेले की हातावर चापट बसे.

"लेकुरवाली हाय ती. बालंतिनीला कोन हात लावतं?"

मला हसू यायचं. अळी अंडी घालत नाही, एवढं शाळेत शिकले होते. मग त्या कण्या कसल्या, ते मात्र ठाऊक नव्हतं.

एका सकाळी कळलं. पानावर एक अळी स्वस्थ होती आणि तिचं कातडं फाडून आतून बारीक अळ्या बाहेर येत होत्या. एक, दुसरी, मग सगळीकडून. आल्या आल्या स्वतःभोवती पांढरा कोष विणू लागल्या. मी किंचाळलेच. आणि ती मेली नव्हती! मुंगी जवळ आली, तर डोकं आपटून तिने तिला हाकललं.

मोबाइलवर शोधलं. बारीक काळी गांधीलमाशी जिवंत अळीत अंडी घालते, पिल्लं तिला आतून खातात, आणि कोषांतून निघालेल्या माश्या पुढच्या अळ्या शोधतात. म्हणजे आमचा वाल वाचत होता तो बहुधा या सोडून दिलेल्या बाळंतिणींमुळे.

मी धावत जाऊन सासूबाईंना वेलापाशी आणलं. "आई, ही तिची पोरं नाहीत. यांनीच तिला आतून खाल्लंय."

त्या पांढऱ्याफटक पडल्या. "जित्तेपनी? आनि ही त्यांचीच राखन करते?"

रागाने त्यांची दोन बोटं कोषांकडे गेली. मला धस्स झालं. हे चिरडले, तर अळ्या मोकाट आणि पट्टीवर गाड्या.

"आई, नको! या माश्या आहेत म्हणून वाल आहे."

बोटं थांबली. त्या कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. अळी अजून डोकं हलवत होती. मग त्यांनी वरचं पान ओढून तिच्यावर सावली धरली.

"तिला नको सांगू गो," त्या म्हणाल्या.