काही विशेष नाही

सगळ्या बेंगळुरात बातमीच्या मागं एवढं पळालेला आणि बातमीनं एवढं चुकवलेला माणूस दुसरा नसंल. आमचे पेपरातले बातमीदार अण्णा! नव्वदच्या दशकातली गोष्ट, घरोघरी बातम्यांची चॅनेलं नव्हती अजून. यशवंतपूरच्या मंडीत मी कांद्याची पोती उचलायचो. रोज संध्याकाळी अण्णा मोपेडवरून यायचे. "काय विशेष?" मी म्हणायचो, "काही विशेष नाही." आपल्यात दुसरं कोण काय म्हणतं?

बातमी कशाला म्हणायचं, ते त्यांनी मला लई वेळा समजावलं. कांदा महागला तर बातमी, स्वस्त झाला तरी बातमी, आहे तिथंच राहिला तर नाही. देवनहळ्ळीची बस खड्ड्यात गेली तर बातमी. म्हटलं, "आणि वेळेवर आली तर?" अण्णा म्हणाले, "ती तर मोठी बातमी!" माझं डोकं तेव्हा जे फिरलं, ते अजून जागेवर नाही.

त्यांची इच्छा एकच, पेपरात नाव छापून यावं. त्यांच्या बातमीवर 'आमच्या बातमीदाराकडून' एवढंच छापायचे. संपादक म्हणाले होते, दुसऱ्या कुणाकडं नाही अशी बातमी आण, वर तुझं नाव घालतो.

आणि एका सकाळी मालगाडीचा डबा उघडला, तर पोत्यांवर लग्नाचा अख्खा बँड झोपलेला! हुबळीला पावसात आडोशाला म्हणून आत शिरले, बाहेरून कुणीतरी दार लावलं. नवरा तिकडं, वाजंत्री इकडं. मीच त्यांना उतरवलं, चहा पाजला, ढोल गळ्यात घालून मंडीभर मिरवलो. संध्याकाळी अण्णा आले. "काय विशेष?"

"काही विशेष नाही."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पेपरात ढोलासकट माझा फोटो! मला कुठं वाचता येतं? खुशीत पेपर घेऊन अण्णांकडंच गेलो. "वाचा की, अण्णा!" त्यांनी सगळं वाचून दाखवलं. वर छापलेलं त्या दुसऱ्या बातमीदाराचं नाव पण.

"काल विचारलं होतं रे तुला."

"तुम्ही विशेष विचारलं, अण्णा. हे तर सकाळीच होऊन गेलं होतं!"

अण्णा हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. "सरी, ठीक आहे. इथून पुढं सविस्तर सांग."

तेव्हापासून बायकोची इडली फुगली नाही, इथपासून सगळं सांगायचो. ते म्हणायचे, "यात बातमी नाही. पण पुढं काय झालं?"

मग एक दिवस त्यांचा पेपरच बंद पडला. मंडीत सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी अण्णा आले, खिशाला पेन नाही. पहिल्यांदाच मी विचारलं, "काय विशेष?"

"काही विशेष नाही रे."

मी पोत्यावर सरकून जागा केली. म्हटलं, "बसा अण्णा. सविस्तर सांगा."