तुसाची शेगडी

शैलजाच्या संशोधनाचं कौतुक तिच्यापेक्षा तिच्या वडिलांनाच जास्त. चंडीगडजवळच्या खरड गावातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर दूधवाला येवो की शेजारचे सरदारजी, एकनाथराव आपले मोडक्या हिंदीत सुरू, "हमारी लडकी कारखाने का गंदा पानी साफ करती है, जी!" भंडाऱ्याचे निवृत्त पोस्टमास्तर ते. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आलेले.

खोटं काही नव्हतं त्यात. चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत शैलजा भाताच्या तुसावर जंतू वाढवायची आणि त्या तुसाच्या पिंपातून कारखान्याचं सांडपाणी सोडायची. पाण्यातलं कॅडमियम, म्हणजे महाविषारी धातू, पिंपातच अडकायचं.

"मग ते विष जातं कुठे गं?" एकदा जेवताना बाबांनी विचारलं.

"जंतू खाऊन टाकतात, बाबा."

दमून आली होती बिचारी. धातू कुणाला खाऊन संपवता येत नाही, तो तुसालाच चिकटून बसतो, हे कोण समजावत बसणार? म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरे, असं वाटलं तिला. आपण तरी काय वेगळं करतो!

डिसेंबरात वापरलेलं तूस नेणारी गाडी बंद झाली. प्रयोगशाळेत तपासणी यायची होती; साहेब म्हणाले, पोती इथे दिसता कामा नयेत. कुठे न्यायची, ते मात्र सांगेनात. शेवटी शैलजानं दोन पोती घरी आणून बाल्कनीत ठेवली. "लॅबचं सामान आहे, राहू द्या," एवढंच म्हणाली.

जानेवारीत धुक्यानं सूर्यच दिसेना. त्यात हीटर बिघडला. एकनाथराव काकडून गेले. भंडाऱ्याकडच्या, भाताच्या मुलखातल्या माणसाला तुसाची शेगडी का शिकवावी लागते? त्यांनी तेलाचा रिकामा डबा घेतला, तूस ठासून भरलं, दार लावून घेतलं आणि पेटवलं.

संध्याकाळी शैलजा घरी आली तर खोलीभर धूर, आणि बाबा खुशीत. "ये, हात शेक. जंतूंनी विष खाल्लंच आहे, मग काहून वाया घालवायचं?"

तिनं किंचाळत खिडक्या उघडल्या. ते हसले. "अगं, धुरानं काय मरतोय मी!"

पहाटे ताप भरला, मग श्वास लागला. तिनं दवाखान्यात डॉक्टरांना सगळं खरंखरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. तुसातलं कॅडमियम धुरात उतरलं होतं, त्यानं फुप्फुसं आतून पोळली होती. तिसऱ्या दिवशी एकनाथराव गेले.

धाकटा भाऊ अंशुमन नागपूरहून धावत आला आणि तिला मिठी मारून ढसाढसा रडला. "तू होतीस म्हणून, ताई! नाहीतर या थंडीत बाबांना कोणी जपलं असतं?"

शैलजाला ते ऐकवेना. "थंडीनं नाही गेले रे ते," ती म्हणाली. "मी घरात आणून ठेवलेल्या विषानं गेले. आणि ते विष आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं."

अंशुमनचे हात तिच्या पाठीवरून हळूहळू खाली आले.